भिडस्तांचे धाडस

आपल्याकडे थोरामोठ्यांची चरित्रे लिहिण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. नायकाचे पाय पाळण्यात दिसतात, शाळेत त्याची बुद्धी गुरुजींना चकित करते, तरुणपणी त्याला आपले जीवितकार्य एकदम दिसते आणि मग तो त्या दिशेने बाणासारखा सुटतो. वाटेत संकटे येतात. पण ती येतात बहुधा नायकाची उंची दाखविण्यापुरतीच. असे चरित्र वाचून झाले की, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला एखादा विद्यार्थी, किंवा कचेरीतले टेबल सोडून काही वेगळे करावे असे दहा वर्षे मनात घोळवीत बसलेला एखादा गृहस्थ, पुस्तक मिटून ठेवतो व मनाशी म्हणतो, हे आपल्यासारख्याचे काम नव्हे. म्हणजे जे पुस्तक त्याला उठविण्यासाठी लिहिले, त्यानेच त्याला खाली बसविले!

अशा माणसाला आपण दुसरे काय देतो? उपदेश. स्वतःवर विश्वास ठेव, भिऊ नकोस, तू मनात आणशील तर काय करणार नाहीस, वगैरे. हा उपदेश खोटा नाही, पण भुकेल्याला 'जेव बाबा' म्हणून सांगण्यासारखा तो आहे. ताटात काही असते तर तो जेवलाच असता. ज्याच्यापाशी आत्मविश्वास नाही त्याने तो आणावा कोठून, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर उपदेशात नसून इतिहासात शोधावे असे आम्हांला वाटते. आम्ही येथे गीतेतल्या संशयात्म्याविषयी बोलत नाही. त्याची शंका तत्त्वाविषयीची. आम्ही बोलतो ती शंका स्वतःच्या कुवतीविषयीची. काम चांगले आहे हे पटलेले असते, ते कोणी तरी करावे हेही पटलेले असते. फक्त तो 'कोणी तरी' आपण असू हे पटत नाही.

या दृष्टीने पाहू गेल्यास महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याइतके उपयोगी चरित्र महाराष्ट्रात दुसरे नाही. 'महर्षी' ही पदवी मात्र येथे थोडी आडवी येते. ती ऐकली की पांढऱ्या दाढीचा, शंभरी ओलांडलेला, 1958 साली भारतरत्न झालेला शांत वृद्ध डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्या शांतपणालाच आपण त्यांचा जन्मस्वभाव समजून बसतो. त्यांचे मराठी 'आत्मवृत्त' 1915 साली प्रसिद्ध झाले. ते ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे की, त्यातला माणूस निराळा आहे. तो भिडस्त आहे, लाजाळू आहे, चार माणसांत बोलताना अडखळणारा आहे, आणि आपली बुद्धी मध्यम आहे असे तो मनापासून मानतो. हा विनय नव्हे. विनय हा पुष्कळदा आत्मविश्वासाचाच सदरा असतो. अण्णांचे तसे नव्हते. ते जमाखर्च लिहावा तसे स्वतःविषयी लिहितात, आणि ज्या बाजूला खोट आहे तेथे खोट मांडतात.

त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी शेरवलीस, आजोळी झाला. बालपण गेले मुरुडास. हे मुरुड जंजिऱ्याजवळचे नव्हे, तर दापोली तालुक्यातले, हर्णैच्या शेजारचे. घरची स्थिती बेताची होती. गावात विनायक लक्ष्मण सोमण नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी या मुलाला देवळात बसवून गावकऱ्यांपुढे वर्तमानपत्र वाचावयास लावले. आम्हांला ही गोष्ट मोठी मार्मिक वाटते. ज्याला स्वतःचे चार शब्द बोलता येत नाहीत त्याला दुसऱ्याचे शब्द मोठ्याने वाचता येतात. तोंड उघडण्याची सवय होते आणि ओशाळण्याची जबाबदारी मात्र वर्तमानपत्रावर राहते. सोमण मास्तरांनी मानसशास्त्र शिकलेले असण्याचा संभव नाही, पण भित्र्या मुलाला धीट हो असे न सांगता त्याच्या हाती एक काम द्यावे, हे त्यांना कळले होते.

यानंतर येते ती साताऱ्याची पायपीट. 1875 साल होते. योगायोग असा की, पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही याच वर्षी. पुण्याची सुशिक्षित मंडळी संध्याकाळी व्याख्याने ऐकू लागली होती, त्याच सालच्या पावसाळ्यात कोकणातला एक सतरा वर्षांचा मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर एका सरकारी परीक्षेसाठी चालत निघाला. हवा बिघडल्याने समुद्रमार्गाने मुंबईस जाणे जमेना. परीक्षेचा दिवस तर जवळ आलेला. तेव्हा सह्याद्री चढून साताऱ्यास जाण्याचे ठरले. कुंभार्ली घाटाने, पावसात व चिखलात, शंभर मैलांच्या वर चाल झाली. साताऱ्यास पोचल्यावर कमिटीच्या अध्यक्षांनी या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय भरले होते, पण अंगलट भरली नव्हती!

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळदा सांगितली जाते, आणि तिचा शेवट चिकाटीच्या स्तुतीत होतो. आम्हांला तिच्यातला निराळाच भाग बोचतो. या मुलाला परीक्षेत नापास केले असते तर त्याचे उत्तर अभ्यासात होते. पण त्याला नाकारले ते त्याच्या दिसण्यावरून. एखादा बोलका मुलगा तेथे हुज्जत घालता, रडता, कोणाचा वशिला शोधता. भिडस्त मुलाला यांतले एकही साधन उपलब्ध नसते. तो फक्त परत फिरतो. धोंडो कर्वे परत फिरले, आणि पुढे कोल्हापूरच्या केंद्रातून तीच परीक्षा उतरले. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही मनात झाले असेल त्याचा त्यांनी कोठे बाऊ केलेला नाही.

पुढचा भाग आम्ही भराभर सांगतो. मुंबईस रॉबर्ट मनी शाळा, 1881 साली मॅट्रिक, मग विल्सन व एल्फिन्स्टन कॉलेज, 1884 साली गणित घेऊन बी. ए. शिकवण्या करकरून शिक्षण झाले आणि शिक्षण झाल्यावर पुन्हा शिकवण्याच सुरू झाल्या. शिवाय मुंबईच्या निरनिराळ्या शाळांतून गणिताचे तास. याच काळात त्यांनी मुरुड फंड काढला. गावाबाहेर पोटासाठी गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीचा एक बारीकसा ठराविक अंश गावच्या कामासाठी द्यावयाचा, अशी ती योजना. रक्कम इतकी लहान की देणाऱ्याला नाही म्हणण्याची लाज वाटावी. हा फंड ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण अण्णांच्या पुढच्या सर्व मोठ्या कामांची कूस येथे आहे.

1891 हे साल त्यांच्या आयुष्यात दुहेरी आले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. आणि त्याच वर्षी पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले यांचे बोलावणे आले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती. फर्ग्युसन कॉलेजात गणिताला माणूस हवा होता. गोखले एल्फिन्स्टनमधले ओळखीचे, वयाने अण्णांपेक्षा आठ वर्षांनी लहान. म्हणजे पंचवीस वर्षांचा तरुण तेहतीस वर्षांच्या शाळामास्तराला कॉलेजात शिकवावयास बोलावीत होता, आणि तेही टिळकांच्या विषयाला! शाळेत गणित शिकविणे निराळे व कॉलेजात शिकविणे निराळे, आपल्याला हे झेपेल काय, ही शंका त्या ठिकाणी कोणालाही पडावी, आणि ज्याला आपली बुद्धी मध्यम वाटते त्याला तर ती पडल्याशिवाय राहणार नाही. तरी नोव्हेंबर 1891 मध्ये ते पुण्यास रुजू झाले, आणि 1914 पर्यंत त्यांनी ती नोकरी केली. टिळक, आगरकर, गोखले यांच्या संस्थेत वावरून आपण त्यांच्यासारखे नाही हे रोज पाहावयाचे आणि तरीही रोज वर्गावर जावयाचे, ही शिक्षा की शिक्षण, हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे एक भेद नीट केला पाहिजे. अण्णांना स्वतःच्या कुवतीविषयी शंका होती. स्वतःच्या मताविषयी ती नव्हती. पत्नीच्या निधनानंतर पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, हे त्यांनी ठरविले, आणि त्या ठरावाला फाटे फुटू दिले नाहीत. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली होती. पंडिता रमाबाईंनी मुंबईत 1889 साली शारदा सदन काढले तेव्हा तेथे शिकावयास आलेली ती पहिली विधवा. 11 मार्च 1893 रोजी त्यांचा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई, पुढे सर्वांच्या बाया, झाल्या. मुरुडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावात, आईच्या घरात, राहण्याची चोरी झाली. सभेत बोलताना ज्याचे पाय थरथरतात तो मनुष्य एवढा बहिष्कार सोसून उभा राहतो, हे कोडे कसे सुटावे? आम्हांला वाटते, धीटपणा आणि धैर्य या दोन वस्तू निराळ्या आहेत. धीटपणा हा अंगचा असतो व तो पुष्कळदा नुसता नसांचा गुण असतो. धैर्य हे एखाद्या गोष्टीचे खरेपण पटल्यावर येते, आणि ते भित्र्या माणसाच्याही वाट्याला येऊ शकते.

पण मत पक्के असले तरी ते अमलात आणण्याची युक्ती आपोआप सुचत नाही. पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी 1893 साली काढली. दोन-तीन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की, ही वाट रुंद नाही. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा थोड्या, त्यांच्याशी लग्न करणारे पुरुष त्याहून थोडे, आणि ज्या हजारोंना लग्न नको आहे त्यांच्या पोटापाण्याचे काय हा प्रश्न तसाच. मग त्यांनी भर विधवांच्या शिक्षणावर दिला आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. आत्मविश्वासाने ओथंबलेल्या सुधारकाला अशी दिशा बदलणे जड जाते, कारण त्याला आपली पहिली घोषणा मागे घ्यावी लागते. आपण चुकत असू अशी जागा मनात आधीपासून मोकळी ठेवलेल्या माणसाला ते सोपे जाते. शंकेचा हा एक फायदा आम्हांला कोणत्याही चरित्रात नोंदलेला आढळला नाही, म्हणून येथे नोंदवितो.

1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली आणि तेथे एक झोपडी उठली. आजचे कर्वेनगर पाहून तेव्हाचे हिंगणे कळणार नाही. रस्ता नाही, वस्ती नाही. शेतांतून व काट्याकुट्यांतून गेलेली पायवाट, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अण्णांचे कुटुंब शहरात, आश्रमातल्या बाया हिंगण्यास, नोकरी फर्ग्युसनमध्ये. तेव्हा दिवसभर कॉलेजात शिकवावयाचे, संध्याकाळी हिंगण्यास चालत जावयाचे, तेथल्या मुलींना शिकवावयाचे, आणि सकाळी पुन्हा शहराकडे परत. पुष्कळदा पाठीवर आश्रमाचे सामान. हा क्रम एकदोन दिवसांचा नव्हता.

आता, श्रोतेहो, या चालण्याकडे आपण जरा गणिताच्या मास्तराच्या नजरेने पाहू. 'महाराष्ट्रातील विधवांची स्थिती सुधारणे' हे वाक्य छातीवर ठेवून कोणी झोपू शकणार नाही. ते वाक्य ज्याच्या मनात आत्मसंशय आहे त्याला तर चिरडूनच टाकील. पण 'आज संध्याकाळी हिंगण्यास जाऊन दोन तास शिकविणे' हे काम करण्यास मोठा आत्मविश्वास लागत नाही, पाय लागतात. 'लाखो रुपये जमविणे' अशक्य. 'आज अमक्या गृहस्थांच्या दारी जाऊन जे देतील ते घेणे व त्याची पावती फाडणे' शक्य. मोठी संख्या अंगावर आली की तिचे अवयव पाडावेत, हे गणिताच्या प्रत्येक मास्तराला ठाऊक असते. मुरुड फंडात त्यांनी पैशाचे अवयव पाडले होते, हिंगण्याच्या वाटेवर वेळेचे पाडले. आम्ही पुष्कळ शोधूनही अण्णांच्या आयुष्यात असा दिवस सापडत नाही की ज्या दिवशी त्यांची शंका फिटली आणि ते निःशंक होऊन कामाला लागले. शंका त्यांच्याबरोबर हिंगण्यापर्यंत चालत जाई आणि सकाळी बरोबरच परत येई. तिने वाट मात्र अडविली नाही.

या आश्रमात आलेल्या एका बाईची हकीगत आता सांगावयाची आहे, आणि खरे पाहता अण्णांपेक्षा ती अधिक अवघड आहे. पार्वतीबाई आठवले या बायांच्या भगिनी. देवरुखच्या जोशी घराण्यात 1870 साली त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन. अण्णांना निदान शाळा मिळाली होती, सोमण मास्तर मिळाले होते. पार्वतीबाई सव्विसाव्या वर्षी पुण्यास शिकावयास आल्या तेव्हा त्यांच्या वयाच्या बायका सुना येण्याची वाट पाहात. ज्या वयात पुरुषाचे शिक्षण संपलेले असते, त्या वयात त्यांचे सुरू झाले.

आत्मसंशय हा जणू ज्याच्या त्याच्या मनाचा आजार आहे अशा भाषेत आपण बोलतो. पार्वतीबाईंकडे पाहिल्यावर ती भाषा अपुरी पडते. त्यांच्या मनातली शंका त्यांनी स्वतः पेरलेली नव्हती. मुलीला अक्षर कशाला, विधवेला इच्छा कशाला, वाढलेल्या वयात बुद्धी कोठून येणार, हे त्यांना घराने, शेजाराने, विहिरीवरच्या बायांनी वर्षानुवर्षे शिकविलेले होते. मुंडण केलेले मस्तक आणि अंगावरचे आलवण हा तर त्या शिकवणीचा रोज नव्याने मारलेला शिक्काच. अशा माणसाला 'स्वतःवर विश्वास ठेव' म्हणणे म्हणजे ज्याच्या पायात बेडी आहे त्याला चालण्याची कला शिकविणे होय. पहिल्याने बेडीच पाहिली पाहिजे. आजही, एखाद्या मुलीला वा खालच्या मानलेल्या घरातल्या मुलाला आपल्या कुवतीची शंका येते तेव्हा ती शंका मूळची कोणाची, हे विचारल्याशिवाय तिच्यावर औषध सुचविण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पार्वतीबाई शिकल्या, शिक्षिका झाल्या, हिंगण्याच्या आश्रमाची व्यवस्था त्यांनी सांभाळली, आणि मग आश्रमासाठी निधी गोळा करावयास गावोगाव हिंडू लागल्या. विधवेने सभेत उभे राहून बोलावे आणि लोकांनी ऐकून घ्यावे, हे त्या काळी दोन्ही बाजूंना नवीन होते. वीस वर्षांहून अधिक काळ केशवपन केल्यावर त्यांनी ते सोडून दिले. चाळिशी उलटलेल्या बाईने आपले केस वाढू द्यावेत, ही गोष्ट आज सांगतानाही लहान वाटते. पण ज्या लोकांच्या दारी वर्गणी मागावयाची त्यांच्याच डोळ्यांत ते खुपणार, हे ठाऊक असून त्यांनी ते केले.

एक इच्छा मात्र राहून गेली होती, ती इंग्रजीची. परप्रांतांत निधी मागताना इंग्रजी नसल्यामुळे काम अडे. प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले आणि फसले. येथे बहुतेक लोक आपल्याशी तडजोड करतात. इतके झाले ते काय थोडे, आता या वयात इंग्रजी नाही आले तर नाही, असे म्हणून मोकळे होतात, आणि त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. पार्वतीबाई 1918 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही, ओळख नाही. तेथे त्यांनी लोकांच्या घरी नोकराणी म्हणून काम धरले. स्वयंपाक, भांडी, झाडलोट. कोकणस्थ ब्राह्मण घरातली, एका संस्थेची व्यवस्थापिका राहिलेली बाई परदेशात खरकटी भांडी घासते आहे आणि घासता घासता घरच्यांच्या बोलण्यातले शब्द उचलते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या इंग्रजीला पंडितांनी मान डोलवावी असे कधी झाले नाही, आणि तसा त्यांचा हेतूही नव्हता. 1920 साली त्या परत आल्या व पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. 1928 साली त्यांनी 'माझी कहाणी' लिहिली. तिचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अ‍ॅबट यांनी केले व ते 1930 साली प्रसिद्ध झाले. ज्या भाषेसाठी भांडी घासली त्या भाषेत त्यांची कहाणी अखेर दुसऱ्याच्या हातून गेली. यात कोणाला कमीपणा दिसेल. आम्हांला त्यात एक प्रकारचा मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

अण्णांचे स्वप्न घडत असता घरात काय घडत होते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर ही हकीगत एकांगी होईल. संस्थेला द्यावयाचे ते घरातून जात होते. बायांनी आपल्या 'माझे पुराण' या आत्मचरित्रात, जे 1944 साली प्रसिद्ध झाले, संसाराच्या ओढगस्तीविषयी आडपडदा ठेवलेला नाही. एकाच्या ध्येयाचा खर्च दुसऱ्याच्या तांदळाच्या डब्यातून होतो, आणि तो डबा ज्याच्या हाती असतो त्याचे नाव संस्थेच्या पाटीवर नसते. बाया स्वतःही संस्थेसाठी वर्गणी मागत हिंडल्या. माणसाने आपले स्वप्न पुरे करावे असे जेव्हा आपण तरुणांना सांगतो, तेव्हा या हिशोबाची बाजूही त्यांच्यापुढे मांडावी, एवढेच आमचे म्हणणे.

आता विद्यापीठाची गोष्ट. तोक्योमध्ये जिन्झो नारुसे यांनी 1901 साली जपानचे महिला विद्यापीठ काढले होते. त्याची माहिती देणारे एक पुस्तक अण्णांकडे बनारसहून आले. त्यांनी काय केले? चाळले आणि बाजूला ठेवले. आपल्याकडे असले काही होणे शक्य दिसत नाही, असा हिशोब. पुढे 1915 च्या अखेरीस मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले. आता भाषण लिहिणे भाग होते. भिडस्त माणसाला अध्यक्ष करण्यात हा एक गुण आहे की, तो वेळेवर जे सुचेल ते बोलण्याच्या भरवशावर राहात नाही. तो कागद काढून बसतो. अण्णा तयारीला बसले आणि ते बाजूला ठेवलेले पुस्तक पुन्हा हाती आले. या खेपेस त्यांनी ते नीट वाचले आणि त्या परिषदेत स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली.

हे एक पुस्तक दोनदा हाती घेण्याचे प्रकरण आम्हांला फार मोलाचे वाटते. पहिल्या खेपेस पुस्तक तेच होते, वाचणारा तोच होता. बदलले एवढेच की, दुसऱ्या खेपेस त्याच्यावर एक जबाबदारी येऊन पडली होती. सोमण मास्तरांनी देवळात जे केले तेच येथे परिषदेच्या चालकांनी नकळत केले.

त्या वेळी अण्णांचे वय सत्तावन्न होते. कॉलेजची नोकरी संपलेली, पेन्शनवर निवांत बसण्याचा अधिकार मिळवलेला. 1916 च्या जूनमध्ये विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले. कुलगुरू झाले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. परांजपे हे मुरुडचेच, अण्णांचे नातेवाईक, त्यांच्या आधाराने शिकलेले, आणि केंब्रिजला 1899 साली सीनिअर रँग्लर होऊन आलेले. बुद्धीची अशी वीज घरातच चमकत असता स्वतःला मध्यम समजण्यात नवल नव्हते. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा एक विषय. पदवीचे नाव 'गृहीतागमा'. महाविद्यालयात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती? पाच! वेगळे विद्यापीठ कशाला, मातृभाषेत उच्च शिक्षण कसे होणार, सरकारमान्यता नसलेल्या पदवीला कोण विचारणार, असे आक्षेप निघाले, आणि ते काही मूर्खांचे आक्षेप नव्हते. मान्यतेचा प्रश्न तर पुढे तीस-पस्तीस वर्षे तसाच राहिला. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो 1951 मध्ये. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तत्पूर्वी वर्गणी गोळा होत होती ती दाराशी जाऊन, पावती फाडून, जुन्याच रीतीने.

1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. ठिकठिकाणी इंग्रजीत भाषणे करावयाची, आपल्या विद्यापीठाची माहिती सांगावयाची, मिळेल तो निधी जमवावयाचा. डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेपुढे ते बोलले. पुढे आफ्रिकेतही जाऊन आले. वक्तृत्व त्यांना तेव्हाही वश झालेले नव्हते. ते उभे राहात, ठरविलेले सांगत आणि खाली बसत. ऐकणाऱ्यांना भारून टाकणे हे त्यांचे काम नव्हतेच. त्यांना फक्त कळावे आणि त्यांनी यथाशक्ती द्यावे, एवढे पुरे होते.

परत आल्यावर तरी थांबावे? 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी एक मंडळ उभे केले आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधून दरमहा त्याला काही रक्कम तोडून देऊ लागले. त्याच साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 'लुकिंग बॅक' प्रसिद्ध झाले. 1944 साली जातिभेद व विषमता यांविरुद्ध समता संघ काढला. तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. 1950 साली बाया गेल्या, 1955 साली पार्वतीबाई गेल्या. 1958 साली त्यांची शताब्दी झाली. ज्याला साताऱ्यास सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठविले होते, त्याच्या शंभरीला देशाचे पंतप्रधान मुंबईस आले होते. 9 नोव्हेंबर 1962 रोजी अण्णांनी पुण्यास देह ठेवला. हिंगण्याची ती पहिली झोपडी संस्थेने जतन करून ठेवली आहे; तिच्याभोवती आता शहर आहे, आणि ज्या वाटेने चिखलातून जावे लागे त्या बाजूला सकाळ-संध्याकाळ शिकणाऱ्या मुलींची रीघ लागलेली असते.